धनी आणि कारभारी

१९३५ च्या जुलैत एदोआर्दो आन्येली जेनोव्हाच्या बंदरात सीप्लेनने उतरत होता. विमान पाण्यावर आदळलं, पंख्याचं पातं डोक्याला लागलं आणि तो गेला. वय त्रेचाळीस. दहा वर्षांनी, १९४५ च्या नोव्हेंबरात, त्याची बायको व्हिर्जिनिया मोटार अपघातात गेली. त्यानंतर महिना उलटायच्या आत, १६ डिसेंबरला, एदोआर्दोचे वडील जोव्हान्नी आन्येली गेले. फियाट उभी केली ती यांनी. मुसोलिनीच्या राजवटीशी हातमिळवणी केल्याच्या आरोपावरून शेवटच्या वर्षात त्यांना स्वतःच्याच कारखान्याच्या कारभारातून दूर केलेलं होतं. मागे उरली मुलाची सात मुलं, बॉम्बने फुटलेल्या कारखान्याच्या भिंती, आणि मुलग्यांत थोरला म्हणून सगळे ज्याच्या तोंडाकडे बघत होते तो चोवीस वर्षांचा जान्नी.

आपल्या ओळखीच्या कुठल्याही घरावर अशी वेळ आली असती तर पुढे काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. एकतर पोराच्या डोक्यावर पगडी ठेवायची आणि देवावर हवाला टाकायचा, नाहीतर काका-आत्यांनी वाटण्यांचे कागद बाहेर काढायचे. इटलीतल्या तुरीनमध्ये, फियाटच्या गावात, दोन्ही झालं नाही. व्हित्तोरिओ व्हालेत्ता नावाचे हिशेबशास्त्राचे प्राध्यापक १९२१ पासून फियाटमध्ये होते, म्हाताऱ्याचा उजवा हात म्हणून वाढलेले. त्यांनी जान्नीला सरळ विचारलं असं सांगतात, की अध्यक्ष तू होतोस की मी होऊ? पोरगा म्हणाला, प्रोफेसर, तुम्हीच व्हा. आणि १९४६ पासून १९६६ पर्यंत, तब्बल वीस वर्षं, फियाटची खुर्ची घराण्याबाहेरच्या माणसाकडे राहिली. मालकी मात्र घराण्याकडेच.

मी या घराण्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे, आणि माझं मत पक्कं होत गेलं आहे की आन्येली टिकले ते त्या एका उत्तरावर. दर पिढीत त्यांच्यावर आकाश कोसळलं, आणि दर वेळी त्यांनी एक कारभारी शोधला, त्याच्या हाती किल्ल्या दिल्या आणि धनीपण तेवढं स्वतःकडे ठेवलं. मराठी माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. साताऱ्याची गादी आणि पुण्याचा कारभार हे नातं आपल्या रक्तात आहे. फरक इतकाच की आपल्याकडे गादी नावापुरती उरली. तुरीनच्या गादीने कारभाऱ्याला कधीच पेशवा होऊ दिलं नाही. ते त्यांना कसं साधलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मला आज लिहायचं आहे.

मला याचा नाद लागला तो मामामुळे. माझा मामा कुर्ल्याला, फियाटच्या गाड्या इथे बनवणाऱ्या ‘प्रीमियर’मध्ये असेंब्लीवर होता. त्याच्या तोंडी कंपनीचं नाव कधी नुसतं यायचं नाही, ‘आमची प्रीमियर’ असंच. रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीकडे तो बघायचा ते दार कसं बसलंय हे बघायला. प्रीमियरच्या पद्मिनी गाडीचं दार लावताना होणारा आवाज त्याला नीट ओळखता यायचा. पत्र्याचा खण्ण आवाज आला की तो मान हलवायचा आणि पुढची टॅक्सी शोधायचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, पुढची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोघं आरामात बसायची आणि तिसरं पोर मांडीवर. खिडकीला ती छोटी त्रिकोणी काच, वारा हवा तसा वळवून घेण्यासाठी. एसी नसलेल्या मुंबईत त्या त्रिकोणाने मे महिने काढले आहेत. पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल मॉडेलला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, तेही लाडाने. मामाने इटली नकाशावरही कधी नीट पाहिली नसेल, पण ‘तुरीनचं ड्रॉइंग’ हे शब्द त्याच्या तोंडात होते. ड्रॉइंगमध्ये आहे तसंच झालं पाहिजे, एवढाच त्याचा इटलीशी संबंध.

त्या तुरीनची गोष्ट सुरू होते ११ जुलै १८९९ ला. काउंट, वकील, बँकर अशा काही प्रतिष्ठितांनी मिळून मोटारींचा कारखाना काढायचं ठरवलं. पुढाकार होता काउंट ब्रिकेरासिओचा. जोव्हान्नी आन्येली त्यांच्यात एक, व्हिलार पेरोझा या डोंगरातल्या गावचा जमीनदार, घोडदळातून नोकरी सोडून आलेला. पहिल्या गाडीला रिव्हर्स गिअरच नव्हता. १९०० साली पहिल्या कारखान्यात दीडशे कामगार होते आणि वर्षात चोवीस गाड्या बाहेर पडल्या. बाकीच्यांना मोटार हा शौक होता. आन्येलीला तो धंदा दिसला. १९०२ मध्ये कारभार त्याच्या हाती आला आणि हळूहळू बाकीची नावं मागे पडत गेली. शेअर बाजारात भाव फुगवल्याच्या आरोपावरून १९०८ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला, खटला चालला, तो सुटला आणि परत येऊन बसला. पहिलं महायुद्ध आलं, सैन्याला ट्रक हवे होते, आणि छोट्या कारखान्याचा अजस्र उद्योग झाला.

या माणसाच्या आयुष्यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९२० च्या सप्टेंबरात तुरीनच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. मालक बाहेर, लाल झेंडे आत, आणि आन्येलीच्या टेबलावर कामगार पुढारी बसलेले. कब्जा सुटल्यावर आन्येलीने प्रस्ताव ठेवला, की फियाटची सहकारी संस्था करा, तुम्हीच चालवा. आता यात खरी नियत किती आणि डाव किती, यावर इतिहासकार भांडत आले आहेत. कामगारांनी प्रस्ताव नाकारला. आन्येली पुन्हा आपल्या खुर्चीवर. मला त्यात दिसतं ते असं, की मालकी हातात ठेवायची तर ती कधीकधी टेबलावर ठेवून दाखवावी लागते, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. १९२७ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट केली जी कोणाच्या फारशी लक्षात राहत नाही: ‘ईफी’ नावाची एक वेगळी कंपनी काढून घराण्याचे शेअर तिच्यात ठेवले. कारखाना वेगळा, घराण्याची तिजोरी वेगळी. पुढची शंभर वर्षं या एका रचनेवर उभी आहेत.

लिंगोत्तोचा कारखाना मी प्रत्यक्ष पाहिला आहे. माझा भाचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा, तुरीनच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग शिकायला गेला, त्याने मला तिथे नेलं. अर्धा किलोमीटर लांब, पाच मजली काँक्रीटची इमारत. १९२३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा युरोपात अशी दुसरी नव्हती. कच्चा माल तळमजल्यावर शिरायचा, गाडी मजल्यामजल्याने वर चढत जोडली जायची आणि पूर्ण झाली की गच्चीवर पोचायची. गच्चीवर चाचणीसाठी चक्क धावपट्टी, दोन्ही टोकांना उतरत्या भिंतीसारखी वळणं. आम्ही आतल्या चक्राकार चढणीवरून वर गेलो. ती चढण खालून बघताना छताच्या काँक्रीटच्या फासळ्या दिसतात, एखाद्या प्रचंड प्राण्याच्या पोटात उभं राहून वर पाहावं तशा. फरशीवर आडव्या खाचा आहेत, चाकांना पकड मिळावी म्हणून. मी वाकून त्यांच्यावरून हात फिरवला. भाचा म्हणाला, “मामा, लोक बघतायत.” बघू देत. माझ्या मामाच्या ‘तुरीनच्या ड्रॉइंग’ची ती जागा होती.

१९८२ मध्ये लिंगोत्तो बंद झाला. आता खाली दुकानं, हॉटेल, कॉलेजचे वर्ग, आणि गच्चीवरच्या धावपट्टीच्या कडेने बाग केलेली. टोकाला एका छोट्या वास्तूत आन्येलींच्या संग्रहातली पंचवीस चित्रं आणि शिल्पं. जान्नी जानेवारी २००३ मध्ये गेला तेव्हा त्याचं पार्थिव इथेच ठेवलं होतं. लाखभर माणसं याच चढणीवरून थंडीत रांगेने वर आली. त्यांत ज्यांना त्याने कामावरून कमी केलं होतं तेही होते.

हे नातं समजून घ्यायचं तर व्हालेत्तांची वीस वर्षं बघितली पाहिजेत. बुटके, कामसू, पहाटे उठून कारखान्यात जाणारे हे प्रोफेसर. त्यांच्या काळात दान्ते जाकोझा या इंजिनिअरने १९५५ मध्ये फियाट ६०० आणि १९५७ मध्ये ५०० काढली. ५०० म्हणजे तीन मीटरपेक्षाही आखूड, पाऊणशे वर्षांपूर्वीच्या स्कूटरवाल्या कुटुंबाला परवडेल अशी, इंजिन मागे आणि तेही ४७९ सीसीचं. इटलीतल्या एका अख्ख्या पिढीने पहिल्यांदा समुद्र पाहिला तो या गाड्यांतून. तुरीनमधल्याच मिराफिओरी या फियाटच्या मोठ्या कारखान्यासाठी दक्षिणेतून माणसं येत राहिली, कालाब्रियातून, पुलियातून, सिसिलीतून, रात्रभराच्या रेल्वेने, दोरीने बांधलेल्या पेट्या घेऊन. दहा वर्षांत तुरीनची वस्ती सात लाखांवरून दहा लाखांवर गेली. घरांवर पाट्या लागल्या, दक्षिणेकडच्यांना जागा भाड्याने मिळणार नाही. मुंबईत कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या खोल्यांची ज्यांना आठवण आहे त्यांना मिराफिओरीच्या वस्त्या परक्या वाटणार नाहीत. एका खाटेवर पाळीपाळीने झोपणारे लोक तिथेही होते.

आणि व्हालेत्तांची दुसरी बाजू. कम्युनिस्ट युनियनचे कामगार त्यांनी एका वेगळ्या शेडमध्ये नेऊन टाकले, इतरांशी संपर्क येऊ नये म्हणून. त्या शेडला लोक ‘लाल तारा’ म्हणायचे. १९७० मध्ये एका तरुण न्यायाधीशाने छापा घातला तेव्हा कंपनीने कामगारांवर ठेवलेल्या गुप्त फायली सापडल्या. साडेतीन लाखांच्या घरात. कोण कुठल्या पक्षाचा, कोण कोणाकडे जातो, चर्चमध्ये जातो की नाही. समुद्र दाखवणारी गाडी आणि या फायली एकाच छताखाली तयार होत होत्या. मला व्हालेत्तांच्या कर्तबगारीबद्दल आदर आहे, पण या फायली त्यांच्या खात्यातून वजा करायला मी तयार नाही. कारभाऱ्याने मालकाची काळजी घेतली, ती घेताना माणसांकडे तो संशयाने बघत राहिला.

१९६६ मध्ये पंचेचाळीस वर्षांचा जान्नी शेवटी स्वतः गादीवर बसला. लोक त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणायचे. पदवी कायद्याची होती, वकिली कधी केली नाही. मनगटावरचं घड्याळ शर्टाच्या बाहीवर बांधायचा आणि अख्ख्या इटलीतली तरुण पोरं तसं बांधायला लागली. फेरारीत हिस्सा, लांचिया ही मोटार कंपनी, रशियात तोग्लियात्तीचा कारखाना जिथून पुढे लाडा निघाली, ‘ला स्ताम्पा’ हे वर्तमानपत्र, युव्हेंटस हा फुटबॉल क्लब. इटलीत राजेशाही १९४६ मध्ये गेली. लोकांना राजा हवा होता आणि तो त्यांनी तुरीनमध्ये शोधला.

पण राजाचे दिवस वाईट होते. १९६९ पासून कारखाना धगधगत होता. लाल ब्रिगेड या अतिडाव्या दहशतवादी संघटनेने १९७७ मध्ये ‘ला स्ताम्पा’चे उपसंपादक कार्लो कासालेन्यो यांना गोळ्या घातल्या. १९७९ मध्ये फियाटचा एक वरिष्ठ अधिकारी घराजवळ मारला गेला. तेलाच्या धक्क्याने खप बसला आणि पैशासाठी १९७६ मध्ये जान्नीने लिबियाच्या सरकारी बँकेला कंपनीत हिस्सा विकला, गद्दाफीच्या लिबियाला. अशा वेळी दुसरा कारभारी आला, चेझारे रोमिती. रोमचा माणूस, हिशेबी, घट्ट.

१९८० च्या सप्टेंबरात फियाटने चौदा हजारांवर माणसं काढायची घोषणा केली. पस्तीस दिवस फाटकं बंद. कामगार रात्री शेकोट्या करून बसलेले. १४ ऑक्टोबरला फोरमन, क्लार्क, मधले अधिकारी असे हजारो लोक तुरीनच्या रस्त्यावर उतरले: आम्हाला कामावर जायचं आहे. इतिहासात तो ‘चाळीस हजारांचा मोर्चा’ म्हणून राहिला. युनियनने तडजोड मान्य केली आणि तेवीस हजार माणसं घरी बसवली गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत गिरण्यांचा संप झाला, त्यामुळे ही तारीख वाचताना माझ्या पिढीच्या मराठी माणसाचे कान टवकारतात. दोन्हीकडे माणसं गेली ती परत आली नाहीत. तुरीनमध्ये निदान कारखाना उरला.

रोमितीने फियाट वाचवली यात शंका नाही. १९८३ ची ऊनो आली, नफा आला, लिबियाचे शेअर १९८६ मध्ये परत घेतले, आल्फा रोमेओ पदरात पडली. पण ऊनो काढणारा माणूस होता व्हित्तोरिओ गिदेल्ला, गाडीवर जीव असलेला इंजिनिअर. १९८८ मध्ये रोमिती आणि गिदेल्ला यांचं फाटलं, आणि जान्नीने रोमितीला ठेवलं, गिदेल्लाला जाऊ दिलं. माझ्या मते फियाटची गाडी घसरणीला लागली ती त्या दिवशी. पैशाचा कारभारी आणि गाडीचा कारभारी यांत धन्याने पैशाचा निवडला. पुढे तर त्याहून विचित्र घडलं. १९९३ मध्ये भांडवल कमी पडलं, मेदिओबांका ही बँक धावून आली, आणि तिच्या आग्रहाने जान्नी-रोमिती जोडी तशीच राहिली. धाकटा भाऊ उंबेर्तो कित्येक वर्षं आपली पाळी येईल म्हणून थांबला होता. त्याला बाजूला ठेवलं गेलं. वारस कोण हे ठरवायची मुभासुद्धा धन्याकडे पूर्ण उरली नव्हती.

मग घराण्यावर पुन्हा तेच. उंबेर्तोचा मुलगा जोव्हान्नी आल्बेर्तो, ज्याच्याकडे पुढचा अध्यक्ष म्हणून सगळे बघत होते, १९९७ च्या डिसेंबरात कर्करोगाने गेला, तेहतिसाव्या वर्षी. जान्नीचा एकुलता मुलगा, आजोबांचंच नाव लावणारा एदोआर्दो, कारखान्यात कधी रमला नाही. धर्म, अध्यात्म यांत वाट शोधत राहिला. २००० च्या नोव्हेंबरात महामार्गावरच्या एका उंच पुलाखाली त्याचा मृतदेह मिळाला. त्याबद्दल खूप तर्क लिहिले गेले आहेत, मला त्यांत शिरावंसं वाटत नाही. बापाच्या वाट्याला हे यावं एवढंच मनाला लागतं. २००३ मध्ये जान्नी, २००४ च्या मे महिन्यात उंबेर्तो. तोवर फियाट दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर, बँकांच्या तीन अब्ज युरोंच्या कर्जावर तगलेली. आणि घराण्याच्या बाजूने उभा कोण, तर जान्नीच्या मुलीचा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा जॉन एल्कान. एकविसाव्या वर्षी, पॉलिटेक्निकमध्ये शिकत असतानाच, आजोबांनी त्याला संचालक मंडळात बसवलं होतं.

१९४५ मध्ये आजोबांना जो प्रश्न पडला तोच आता नातवापुढे होता, आणि नातवाने तेच उत्तर दिलं. सर्जिओ मार्किओन्ने. पोलिसाचा मुलगा, चौदाव्या वर्षी आई-वडिलांबरोबर कॅनडात गेलेला, मोटारधंद्यात कधी काम न केलेला, कायम काळा स्वेटर घालणारा. जून २००४ मध्ये तो आला. जनरल मोटर्सने पूर्वी एक करार केला होता, ज्यानुसार फियाट तिला स्वतःची उरलेली मोटार कंपनी विकत घ्यायला भाग पाडू शकत होती. मार्किओन्नेने त्या कागदाकडे निराळ्या नजरेने पाहिलं. जनरल मोटर्सला फियाट नको होती. मग नको असण्याचे पैसे द्या. २००५ मध्ये अमेरिकन कंपनीने त्या करारातून सुटण्यासाठी सुमारे दोन अब्ज डॉलर मोजले. बुडत्या कंपनीने ‘आम्हाला विकत घेऊ नका’ याचे पैसे घ्यावेत, असा सौदा मी दुसरा ऐकलेला नाही. २००७ मध्ये नवी ५०० आली, मूळ ५०० नंतर बरोबर पन्नास वर्षांनी. २००९ मध्ये मोडकळीला आलेल्या क्रायस्लरचा वीस टक्के हिस्सा रोख एक पैसा न देता, तंत्रज्ञानाच्या बदल्यात. २०१४ पर्यंत पूर्ण क्रायस्लर. त्याच वर्षी कंपनीची नोंदणी नेदरलँड्समध्ये गेली, करासाठी पत्ता लंडनचा. फियाटच्या नावातलं शेवटचं अक्षर तुरीनचं आहे, पण कंपनी कागदोपत्री तुरीनची राहिली नाही.

जानेवारी २०११ मध्ये मिराफिओरीच्या कामगारांपुढे मतपत्रिका ठेवली गेली: नव्या कडक अटी मान्य करा, तर गुंतवणूक येईल. चौपन्न टक्क्यांनी होकार दिला. त्यातले कितीजण मनापासून हो म्हणाले असतील! मार्किओन्ने २०१८ च्या जुलैत झुरिकच्या इस्पितळात गेला, अचानक. १६ जानेवारी २०२१ रोजी फियाट-क्रायस्लर आणि फ्रान्सची प्यूजो यांचं लग्न लागून स्टेलांटिस झाली. प्यूजो घराणंही असंच जुनं, त्यांचाही हिस्सा आहे. पण सर्वांत मोठा भागधारक आन्येलींची एक्झॉर ही कंपनी, त्या १९२७ च्या तिजोरीची पणती.

आणि इथे मला कुर्ला आठवतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद मोटारींचा कारखाना काढायचा म्हणून अमेरिकेला गेले, त्या प्रवासात विमानाच्या धंद्यातल्या एका माणसाची गाठ पडली आणि आधी बंगळूरला विमानाचा कारखाना निघाला. मोटारीचं स्वप्न १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स म्हणून उभं राहिलं. पहिला जोडीदार क्रायस्लर: कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, फार्गो बाहेर पडल्या. दुसरा जोडीदार पन्नासच्या सुमारास फियाट, आणि त्यातून ती अकराशे, जी १९७४ पासून पद्मिनी झाली आणि वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच बांध्यात निघत राहिली. तिसरा जोडीदार १९९४ मध्ये प्यूजो, कल्याणला. डॉज, फियाट, प्यूजो. तुरीन, डेट्रॉइट आणि पॅरिस २०२१ मध्ये एका पंक्तीला बसले. एका मराठी मुलखातल्या कंपनीने या तिघांशी वेगवेगळ्या वेळी हात मिळवले होते, त्यांनी एकमेकांशी मिळवण्याच्या कितीतरी आधी. मामाला हे सांगायला हवं होतं. तो आता नाही.

प्रीमियरचंही घराणंच होतं. मग आन्येली टिकले आणि प्रीमियरचा मोटारधंदा का विरला? परवाना राज होतं, नवं मॉडेल आणायला सरकारची परवानगी, गाडीसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं, त्यामुळे गाडी सुधारायची निकडच नव्हती; आणि रांग संपली तेव्हा मारुती पुढे निघून गेली होती. पण त्याशिवायही एक गोष्ट आहे. आन्येलींकडे कारखान्यापासून वेगळी काढलेली तिजोरी होती. कारखाना आजारी पडला तरी घराण्याला श्वास घ्यायला जागा होती, आणि त्या जागेतून दर वेळी ते नवा कारभारी शोधू शकले. कुर्ल्याचा कारखाना गेला तो गेलाच. आता तिथे टोलेजंग इमारती आहेत आणि रस्त्याचं नाव तेवढं प्रीमियर रोड आहे. ताडदेवला शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. फियाट हे नाव भारतात नव्या गाडीवर आता दिसत नाही. रांजणगावला, टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात, शिरूर तालुक्यातली पोरं जीप कंपास जोडतात. जीप क्रायस्लरची, म्हणजे फिरून तेच घर.

मला आन्येलींचं कौतुक आहे, आणि तुरीनच्या वतीने त्यांच्यावर रागही आहे. मिराफिओरीत एके काळी साठ हजार माणसं होती. २०२४ मध्ये तिथून वर्षभरात जेमतेम पंचवीस-सव्वीस हजार गाड्या निघाल्या, आणि कामगार बराच काळ अर्ध्या पगारावर घरी. ज्या शहराने १९२० मध्ये फाटकं परत उघडून दिली, १९८० मध्ये हार पचवली, २०११ मध्ये कडक अटींवर सही केली, त्याला घराण्याने काय दिलं? कालाब्रियाहून पेटी घेऊन आलेल्या माणसाच्या नातवाकडे ना शेअर, ना तिजोरी. त्याच्याजवळ शहर तेवढं आहे. धनी नेदरलँड्समध्ये नोंदणी हलवू शकतो, त्याला ते हलवता येत नाही. त्यात वारशावरून जान्नीची मुलगी मार्गेरिता स्वतःच्या पोटच्या मुलांविरुद्ध कोर्टात उभी आहे, आणि इटलीची वर्तमानपत्रं चित्रं, दागिने आणि मृत्युपत्रांच्या बातम्यांनी भरलेली असतात. तेवढ्याच जागेत मिराफिओरीबद्दल लिहिलं तर बरं होईल असं मला दर वेळी वाटतं.

२०२५ च्या जूनमध्ये स्टेलांटिसला नवा कारभारी आला, अंतोनिओ फिलोसा, दक्षिण इटलीचा, ब्राझीलमध्ये कंपनीचा कारभार सांभाळून आलेला. भाच्याचं शिक्षण संपलं आहे, त्याला तिथल्याच एका सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कंपनीत नोकरी लागली आहे. नवा साहेब कसा वाटतो म्हणून मी त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, “मामा, इथे साहेब कसा आहे हे कोणी विचारत नाही. कँटीनमध्ये एकच विषय असतो, मिराफिओरीला पुढचं मॉडेल कुठलं मिळणार. ते मिळालं तर आमच्या ऑर्डरी येतील.”